पदरी काय बांधू

ढाकच्या डोंगराखाली ठाकरांची एक वाडी होती. झोपड्या मोजून तेरा, आणि त्यांतल्या दोन कायम एकमेकींवर रुसलेल्या. या वाडीत लग्न लावायला भट लागत नसे, धवलारीण लागे. धवलारीण म्हणजे लग्नाचे धवले म्हणणारी म्हातारी. हळद कुटायला घेतली की तिनं गाणं धरायचं आणि नवरी सासरच्या वाटेला लागली की सोडायचं. मधली एक ओळ गळली तरी लग्न अडकलं म्हणून समजा. मागं एकदा वळवानं मांडव उडाला आणि धवला अर्ध्यावर राहिला. त्या जोडप्याला पुढं तीन पोरं झाली, तरी वाडीतल्या बायका म्हणायच्या, "त्यांचं काय सांगता, त्यांचं अजून लागायचं हाय."

वाडीला धवलारणी दोन होत्या, जना आणि ठमी. आजूबाजूच्या सात वाड्यांनाही त्याच. जनानं ओळ टाकायची, ठमीनं उचलायची. जना गाण्यातून विचारायची, मांडवाच्या दारी कोण उभं आहे, आणि ठमी गाण्यातून सांगायची कोण उभं आहे ते. जना विचारणारी, ठमी सांगणारी. घाटात आगगाडीच्या रस्त्यासाठी सुरुंग उडत होते तेव्हा त्यांचं हे सुरू झालं. पुढं गाडी धावू लागली, तिची शिटी ऐकून बायका चुलीवर तवा ठेवू लागल्या, तरी यांचं चालूच होतं. चाळीस वर्षं झाली. मग पुण्याकडं प्लेग आला त्या साली ठमी गेली. प्लेगानं नाही, साध्या तापानं.

जाताना तिनं जनाचा हात धरला होता. "माझ्या चिमाचा धवला पुरा म्हण," ती म्हणाली. चिमा म्हणजे ठमीची नात, तिच्या चांगोची लेक. आई बाळंतपणातच गेलेली, म्हणून ठमीनंच वाढवलेली पोर. "आन् पदराचं इसरू नको, जने."

"नाय इसरत," जना म्हणाली.

पदराचं म्हणजे नेमकं काय, हे तिनं विचारलं नाही. जाणाऱ्या माणसाला काय विचारायचं? आणि खरं सांगायचं तर, आपल्याला ठाऊक असणारच असं तिला वाटलं. चाळीस वर्षं काय झोपा काढल्या होत्या?

वैशाखात चिमाचं लग्न ठरलं. मुलगा खालापूरच्या अंगाचा, तिथल्या डोंगरातल्या वाडीचा. लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा एका दुपारी जना आंब्याखाली जाऊन बसली. ऊन असं पडलं होतं की समोरचा डोंगर पाण्यातून पाहिल्यासारखा हलत होता. सावरीची बोंडं फुटली होती आणि कापूस वाऱ्याशिवायच हवेत तरंगत होता, खाली यायची त्याला काही घाई नव्हती. जनानं डोळे मिटले आणि सगळा धवला पहिल्यापासून मनात म्हणायला घेतला.

आणि तिला कळलं की आपल्याकडं नुसते प्रश्न आहेत.

ती हादरलीच. एक ओळ यायची, मग एवढी मोठी पोकळी, मग पुढची ओळ. पोकळीत ठमीचा आवाज होता, पण शब्द नव्हते. म्हातारी मग चिकाटीनं बसली. दोन दिवस बसली. मांडवाच्या दारी मामा उभा होता, तो आला. हळदीला पाणी सात झऱ्यांचं, तेही आलं. एकेक उत्तर कापसासारखं तरंगत आलं आणि मांडीवर उतरलं. पण शेवटचं काही केल्या येईना. नवरी निघते, तिचा पदर धरायचा आणि जनानं विचारायचं:

पदर पसर गं लेकी, पदरी काय बांधू?

इथं ठमी काहीतरी बांधायची. काय बांधायची?

जनानं फार विचार केला तेव्हा आपली चूक तिच्या ध्यानात आली. त्या प्रश्नानंतरची तिची ओळ धवल्यातली शेवटची, सगळ्यांत उंच चढणारी. ठमी उत्तर देत असायची तेव्हा जना घोटभर पाणी प्यायची, श्वास गोळा करायची आणि मनातल्या मनात पुढचा सूर धरून बसायची. ठमी तिच्या कानाशी गात होती आणि जना दर वेळी पुढच्या ओळीत निघून गेलेली असायची. चाळीस वर्षांत तिनं ते उत्तर एकदाही ऐकलेलं नव्हतं. याची तिला इतकी लाज वाटली की आंब्याखाली एकटी असूनही तिनं पदरानं तोंड झाकलं.

दुसऱ्या दिवशी मंगळीच्या अंगणात लग्नाच्या पत्रावळी लावायला बायका जमल्या होत्या. मंगळी म्हणजे वाडीच्या कारभाऱ्याची बायको. तिचा आवाज असा की तिनं घरात हाक मारली तर नदीपलीकडची गाय मान वर करायची. पळसाच्या पानांचा ढीग मधे, भोवती सात-आठ जणी. जनानं लाज गिळून विचारलंच.

"तांदूळ!" मंगळी म्हणाली. दुसरी कोणी तोंड उघडायच्या आतच म्हणाली. "सात दानं तांदूळ बांदायची ठमीबाय. इसरलीस व्हय गं?"

आंबीनं मान वर केली होती, ती पुन्हा पानात घातली. वाळकी आधी गप्प होती, मग हसून म्हणाली, "व्हय की, तांदूळच." एकीला आठवलं, ठमी तांदूळ म्हणताना हाताची मूठ करायची. दुसरीला मूठ कुठली ते आठवलं, डावी. तिसरी म्हणाली, तांदूळ नव्या भाताचे असायचे, कोलमाचे. चौथीनं तर ठमीचा तेव्हाचा आवाजच काढून दाखवला, आणि तो इतका बरोबर होता की दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. बघता बघता अंगणात ठमी उभी राहिली, मूठ वळलेली, तांदूळ घेतलेली. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथं तर सात-आठ मुखं होती. जनालाही ऐकू आलं: सात दाणे तांदूळ. अगदी ठमीच्याच गळ्यात.

ती आनंदानं घरी निघाली. वाटेत गुणगुणायला लागली, तर तांदळापाशी येऊन गाणं थांबलं. भातात खडा लागावा तसं. पुन्हा म्हटलं, पुन्हा लागला. आणि मग तिच्या मनात आलं, आख्ख्या वाडीला जे पाठ आहे ते विसरू नको म्हणून मरता मरता कोण सांगेल?

सकाळी जना झऱ्यावर गेली. आंबी एकटीच होती, हंडा लावून बसलेली. आंबी सगळ्यांत वरच्या वाडीत दिलेली, तिथून रोज उतरून पाण्याला येणारी. जनाला बघून ती जरा चुळबुळली.

"जनाबाय, एक सांगू? रागावशील."

"सांग तर."

"मला तांदूळ नव्हते बांदले. पानी बांदलं व्हतं. 'झऱ्याचं पानी बांदते गं, वाटंत तहान नको.' वरच्या वाडीला पानी नाय ना. मी लय रडले व्हते तवा."

"मग काल बोलली का नाय?"

आंबीनं हंड्यातलं पाणी हातानं हलवलं. "सगळ्या तांदूळ म्हनल्या. मला वाटलं, माझंच चुकतंय. आन् खरं सांगते, घडीभरानं मलाबी तांदूळच आयकू यायला लागलं. पानी पार गेलंच डोक्यातनं. आता इथं एकटी बसले तवा परत आलं."

तिथून जना करवंदांच्या जाळीत गेली, तिथं वाळकी टोपली घेऊन करवंदं काढत होती. वाळकीच्या सासरी पाच दीर होते आणि त्यांच्या नजरेची कीर्ती कडावच्या बाजारापर्यंत पोचलेली होती. जनानं पदराचं विचारलं तशी वाळकीनं आधी मागंपुढं बघितलं.

"काटा," ती म्हणाली. "'बोरीचा काटा बांदते गं, पदराला हात लावील त्याला.' मला काय बाय वाटलं तवा. लगनात कोन काटा बांदतं? सा म्हयन्यांनी कळलं."

"मग तांदूळ का म्हनलीस?"

"चार बायांत काटा कसा सांगू गं? आन् तांदूळ बरं वाटलं. वाटलं, मलाबी तांदूळच बांदलं असतं तर बरं झालं असतं." ती हसली आणि करवंदाचं एक काळं फळ तिनं जनाच्या हातावर ठेवलं.

आता जनाचं डोकं गरगरायला लागलं. पाणी, काटा, तांदूळ. एक ना धड, भाराभर चिंध्या. तिला ठमीचा राग आला. एक ओळ धड म्हणता येत नव्हती का बाईला? मंगळीला पुन्हा विचारावं म्हणून ती तिच्या घरी गेली, तर मंगळी एकटी बसून तांदूळ निवडत होती. एकटी असली की मंगळीचा आवाज कुठं जायचा कोण जाणे.

"सात दानं," ती हळू म्हणाली. "आमच्याकडं त्या साली कायबी पिकलं नव्हतं, जनाबाय. आयनं वऱ्हाडाला कंद उकडून घातलं. मला इतकी शरम वाटत व्हती, मान वर केली नाय मी. आन् ठमीबाय गायली, 'सात दानं बांदते गं, तुझ्या हातानं सातशे व्हतील.' तवापासून या घरात तांदूळ सरला नाय बघ." आणि सुपातला एक खडा तिनं अंगणात टाकला. "सगळ्यांना तेच बांदलं आसंल की. व्हय ना?"

"व्हय," जना म्हणाली.

पण तिला सगळं कळलं होतं. ती अंगणाच्या कडेला उभी राहिली आणि उन्हात पुन्हा डोंगर हलायला लागला. कुणीच खोटं बोललं नव्हतं, कुणाचंच चुकलं नव्हतं. ठमी प्रत्येकीला तिचं तिचं बांधत होती. ज्या घरी जायचं तिथं जे नाही ते, किंवा ज्या घरून निघायचं तिथं जे कधी मिळालं नाही ते. प्रत्येकीनं आपापलं ऐकलं आणि जपलं. आठवण चार जणींत मांडली की जिचा आवाज मोठा तिचीच सगळ्यांची होऊन जाते, आणि बाकीच्या आपापल्या गाठी मुकाट्यानं पदराखाली ढकलतात.

आणि मग अर्थातच तिच्या मनात आलं: मला काय बांधलं होतं?

तिच्याही लग्नात ठमीच होती. ठमीचा तो पहिलाच धवला. प्रश्न विचारायला ठमीची आत्या होती आणि तिच्या पाठीला पाठ लावून सोळा-सतरा वर्षांची ठमी उत्तरं देत होती. जना तेव्हा चौदाची. तिला सगळे मुकी जना म्हणायचे. मुकी नव्हती, पण बोलायचीही नाही. चार माणसं दिसली की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. एवढं सगळं जनाला आठवत होतं, हळदीचा वास आठवत होता, पायाला टोचणारी मांडवातली काटकीसुद्धा आठवत होती. बांधलेलं तेवढं आठवत नव्हतं. त्यावर तिच्या स्वतःच्या हजार प्रश्नांचे थर बसले होते. कुणाला विचारणार? त्या मांडवातलं कुणी उरलं नव्हतं, आणि उरलं असतं तरी त्यांनी काय सांगितलं असतं? तांदूळ.

जनाला रडू आलं आणि ती रडली. मग तिनं डोळे पुसले, कारण लग्न तिचं नव्हतं, चिमाचं होतं. वचन दिलं होतं ते चिमाच्या धवल्याचं.

चिमा अंगण सारवत होती. जना तिच्याजवळ जाऊन बसली.

"चिमे, भ्या वाटतंय का गं तुला? लांब जायाचं म्हनून?"

"नाय." शेणाचा हात तसाच थांबला. "जनाआजी, तुला एक इचारू? मानूस इसरायला किती दिस लागतात?"

"का गं?"

"आजी गेली ना, तवापासनं रोज कोन ना कोन येऊन बसतं. आजीच्या गोष्टी सांगतात. आजी आशी गायची, आजीनं त्या पाटलाला कसं गप केलं. लय ग्वाड वाटतं आयकायला. पन आता डोळं मिटलं की तीच आजी दिसते, मोठी, मांडवातली. माझी नाय दिसत." तिनं शेणानं भरलेल्या हाताचं मनगट कानाला लावलं. "माझी आजी झोपताना माझ्या कानाची पाळी धरायची, हितं. पाळी धरल्याबिगर तिला झोप लागायची नाय. हे कुनालाच ठाव नाय. मी कुनाला सांगितलंबी नाय. आता तितं गेल्यावर तेबी जाईल."

जनानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ठमीचं घोरणं, ठमीचं भांडण, ठमीची विडी, सगळं जनाला ठाऊक होतं. कानाची पाळी ठाऊक नव्हती.

लग्नाचा दिवस आला. हळद कुटली, मांडवात तांदळाच्या पिठाचा चौक काढला, आणि जना एकटीच उभी राहून दोघींचा धवला म्हणू लागली. स्वतःच विचारायची, स्वतःच सांगायची. बायका मागून सूर धरत होत्या. मामा आला, सात झऱ्यांचं पाणी आलं, बाशिंग आलं. दुपार अशी संथ चालली होती की गाणं आपल्या जागी आहे आणि मांडवच हळूहळू पुढं सरकतोय असं वाटावं. सावरीचा कापूस मांडवाच्या फटीतून आत येत होता आणि नवरीच्या बाशिंगावर बसत होता. कुणी तो झटकला नाही.

उन्हं कलली. खालापूरची माणसं उठली. चांगो डोळे लपवायला बैलांकडं गेला. जनानं चिमाचा पदर हातात घेतला.

पदर पसर गं लेकी, पदरी काय बांधू?

आणि ती थांबली. तिनं काहीच ठरवून आणलेलं नव्हतं. चार दिवस ओळ जुळवून बघितली होती, एकही टिकली नव्हती. मग मागून मंगळी कुजबुजली, तिचं कुजबुजणं म्हणजे काय विचारता, "तांदूळ, जनाबाय, तांदूळ!" दुसरी म्हणाली तांदूळ, तिसरी म्हणाली. आंबीसुद्धा म्हणाली. मायेनंच म्हणत होत्या सगळ्या. जनाच्या ओठांवर तांदूळ आला. म्हटला असता तर धवला पुरा झाला असता, वऱ्हाड निघालं असतं, कुणी नाव ठेवलं नसतं.

चिमाचा हात वर गेला होता. हळदीच्या बोटांनी तिनं आपल्या कानाची पाळी धरली होती, तिला कळतही नव्हतं.

या वेळी जना पाणी प्यायली नाही, पुढच्या ओळीत गेली नाही. जिथं होती तिथंच उभी राहिली. आणि तिचा आवाज खाली आला, ठमी घ्यायची त्या पट्टीत:

वाडीची ठमी वाडीत ठेवते गं, तुझी आजी तुझ्या पदरी.

तिनं रिकाम्या पदराला गाठ मारली, घट्ट. चिमानं तिच्याकडं असं बघितलं की पुढची उंच ओळ जनाला चढते की नाही असं झालं. पण चढली. वाट सोडा म्हणाली, आणि माणसांनी वाट सोडली. नवरी गेली. शेवटच्या वळणापर्यंत तिची एक मूठ गाठीवर होती.

मागं उरलेल्या बायका उष्ट्या पत्रावळी गोळा करू लागल्या. मंगळी डोळे पुसत सगळ्यांना सांगत होती, "म्हातारी अडली व्हती, पन मी सांगितलं तवा तांदूळ बराबर आला. आगदी ठमीबायसारखा." दोघी-तिघी म्हणाल्या, व्हय, काय सुरेख म्हणाली तांदूळ. जनानं कुणाला खोडलं नाही. चिमाला चिमाचं पोचलं होतं.

ती मांडवाच्या मेढीला टेकून बसली. लांब घाटात गाडी शिटी देत चढत होती. चौकाचं पीठ पायांनी विस्कटलं होतं. दमलेल्या माणसाच्या ओठावर सवयीचं जे असेल ते येतं, तसा तिच्या ओठावर तिचा प्रश्न आला. ती पुटपुटली, पदर पसर गं लेकी. पुढं म्हणायची ओळ आता उरली नव्हती, म्हणून ती नुसती बसून राहिली, ऐकत.

आणि पहिल्यांदा धवला म्हणणाऱ्या पोरीचा आवाज आला, बारीक, किंचित कापणारा. चौदा वर्षांच्या मुक्या जनाच्या पदराला गाठ मारता मारता ती पोर गात होती:

अर्धा बोल तुझ्या पदरी गं, अर्धा माझ्या ओठी.

जना हसली आणि रडली, दोन्ही एकदम. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अर्धं गाणंच तर तिला बांधलं होतं. ते अर्धं घेऊन ती चाळीस वर्षं सात वाड्यांत गात फिरली, मुकी जना, आणि उरलेलं अर्धं कुठं गेलं म्हणून आठ दिवस डोंगर हुडकत होती.

"जनाबाय," पत्रावळींचा भारा उचलत मंगळीनं हाक मारली, "एकटीच काय बोलतीस गं?"

जनानं पदराचं टोक मुठीत धरलं.

"काय नाय," ती म्हणाली. "तांदूळ."